अठरा वर्षांचे वॉशिंग मशीन भंगारात देण्यापूर्वी उघडले, त्यातून काय निघाले

खारेगावकर

आमच्या घरी २००६ साली घेतलेले दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन होते. २०२४च्या पावसाळ्यात त्याचा स्पिन फिरेनासा झाला. पाहायला आलेल्या कारागिराने मागचे झाकण न उघडताच "स्पिनची मोटर जळाली, आता यात पैसे घालू नका" असे सांगितले आणि गल्लीत येणाऱ्या भंगारवाल्याने वजन न करता पाचशे रुपये देऊ केले. मी त्याला दोन आठवडे थांबायला सांगितले. आमच्या सोसायटीत याच बनावटीची आणखी तीन मशिने चालू आहेत, त्यांचे टायमर आणि ड्रेन व्हॉल्व आता कळव्याच्या किंवा ठाण्याच्या दुकानांत सहज मिळत नाहीत, आणि एक धडधाकट वाटणारे यंत्र नेमके कशाने बंद पडले हे मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. तीन रविवार लागले. जे केले आणि जे आढळले ते सविस्तर लिहितो. चुकले असेल तेथे जाणकारांनी जरूर सांगावे.

पहिली गोष्ट कपॅसिटरची, ज्याला आपले कारागीर कंडेन्सर म्हणतात. मशिनचा प्लग काढला म्हणजे धोका संपला असे नव्हे. घरातील २३० व्होल्टच्या पुरवठ्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट असते आणि बंद करण्याच्या क्षणी लहर शिखरावर असेल, तर तेवढा दाब कपॅसिटरमध्ये साठून राहू शकतो. त्याच्या दोन टोकांवर स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते. मी ती टाळली, कारण त्या झटक्याने आतील जोड कमकुवत होतात आणि मला तो भाग पुन्हा तपासायचा होता. १० किलोओहमचा, १० वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून तो टोकांवर पाच-सहा सेकंद धरला, मग मीटरवर व्होल्टेज शून्य असल्याची खात्री केली आणि त्यानंतरच वायरींना हात लावला.

मागच्या झाकणाला दहा स्क्रू होते. खाडी जवळ असल्याने आमच्याकडे लोखंड फार लवकर धरते. सहा स्क्रू सरळ निघाले, तीन रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात ठेवल्यावर सुटले आणि एकाचे डोके ड्रिलने उडवावे लागले. झाकण निघाल्यावर आतील वायरींचा जुडगा समोर आला. निळी वायर आणि राखाडी वायर यांत फरक उरला नव्हता. वर्षानुवर्षांच्या धुळीने आणि बेल्टच्या काळ्या भुकटीने दोन्ही एकसारख्या झाल्या होत्या. म्हणून रंगावर विसंबून न राहता प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना कागदी टेप गुंडाळून आकडे घातले, वहीत आकृती काढली आणि मगच एकेक टोक सोडवले. या कामाला पहिला अख्खा रविवार गेला. पुढे टायमर वेगळा काढल्यावर त्याच्या सात वायरींपैकी कोणती कोठून आली होती हे सांगणारी ती वही एवढीच गोष्ट माझ्याजवळ होती, आणि ती नसती तर हाती आलेला चांगला टायमर कोणाच्याही उपयोगाचा राहिला नसता.

कपडे धुण्याच्या टबात मधल्या टोपीखालचा स्क्रू काढला आणि पल्सेटर, म्हणजे तळाशी फिरून कपडे घुसळणारी चकती, वर उचलली. त्याच्या खाली बोटभर जाडीचा, ओल्या कापसासारखा धाग्यांचा थर होता. त्यात ब्लाउजचे दोन हूक, एक सेफ्टी पिन आणि झिजून गुळगुळीत झालेले पन्नास पैशांचे नाणे अडकलेले होते. पल्सेटरच्या मागच्या पात्यांवर त्या नाण्याने गोल चर पाडला होता. दोनेक वर्षे ऐकू येणारा खरखर आवाज गिअर बॉक्सचा आहे असे आम्ही धरून चाललो होतो. गिअर बॉक्स मात्र हाताने फिरवून पाहिला तर लोण्यासारखा फिरतो आणि त्याच्या ऑइल सीलमधून ग्रीसचा टिपूसही बाहेर आलेला नाही.

खरे कारण स्पिनच्या बाजूला सापडले. स्पिनचा टब मोटरच्या शाफ्टवर कपलिंगने बसवलेला असतो आणि टबाच्या तळाशी, शाफ्टभोवती, रबराचे घडीदार सील असते. त्या सीलच्या दुसऱ्या घडीत नखाएवढी चीर होती. तेथून पाणी शाफ्टवरून खाली उतरत गेलेले स्पष्ट दिसत होते, कारण कपलिंगपासून मोटरच्या वरच्या टोपीपर्यंत कावेच्या रंगाचा ओघळ उमटला होता. ब्रेकची पट्टी गंजून तिच्या खिळीवर घट्ट बसली होती, त्यामुळे झाकण लावले तरी ब्रेक पूर्ण सुटत नसावा. मोटरचा शाफ्ट हाताने फिरतच नव्हता. मीटर लावला तर दोन्ही वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची वेटोळी, सलग निघाली. म्हणजे मोटर जळालेली नव्हती, गंजून जाम झाली होती. काही रुपयांचे रबर सील वेळेवर बदलले असते तर हे मशीन आजही चालले असते, ही गोष्ट मनाला फार लागली.

धुण्याची मोटर तपासताना एक गोष्ट नव्याने समजली, ती लिहितो. या मोटरमधून तीन वायरी बाहेर येतात. ती उलटसुलट फिरायची असल्याने तिची दोन्ही वाइंडिंग सारखीच असतात. कपॅसिटर त्या दोन टोकांच्या मध्ये असतो आणि टायमर थेट पुरवठा कधी एका टोकाला, तर कधी दुसऱ्या टोकाला देतो, त्यावरून दिशा ठरते. माझ्या मोटरला सामाईक वायरीपासून दोन्ही टोकांना ३२-३२ ओहम आणि टोकापासून टोकाला ६४ ओहम आले, म्हणजे वाइंडिंग शाबूत आहे. कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असे छापलेले होते. मीटरने ६.२ दाखवले. चादर किंवा ब्लँकेट टाकले की मोटर नुसती गुरगुरायची आणि आम्ही दोनदा बेल्ट बदलून घेतला होता, त्याचा उलगडा येथे झाला. बेल्ट निर्दोष होता. कपॅसिटर उतरल्याने मोटरला ओढच राहिली नव्हती.

आज माझ्याकडे धुण्याची मोटर, गिअर बॉक्स, पुली, बेल्ट, दोन्ही टायमर, बझर, झाकणाचा स्विच, ड्रेन व्हॉल्व, निचऱ्याचा पाइप, स्पिन मोटरखालच्या तीन स्प्रिंगा आणि जाम झालेली स्पिनची मोटर एवढे आहे. प्रत्येकाला चिठ्ठी बांधून त्यावर तारीख, मोजलेले आकडे आणि कोणत्या वायरी कोठे जात होत्या ते लिहिले आहे. विचारायचे आहे ते असे: स्पिनची मोटर वाचू शकेल का, धुण्याची मोटर दुसऱ्या कामाला लावता येईल का, आणि राहिलेल्या प्लॅस्टिकचे योग्य काय करावे?

निवृत्त रिवाइंडर

मी वागळे इस्टेटमध्ये एकतीस वर्षे मोटर रिवाइंडिंगचे काम केले. आपण लिहिलेला क्रम योग्य आहे आणि वहीबद्दल तर आपले मनापासून कौतुक करतो. आमच्या हाताखाली आलेल्या नव्या मुलांना पहिले सहा महिने आम्ही फक्त जोडणीची आकृती काढायला लावत असू.

स्पिनच्या मोटरबद्दल घाई करू नका. वाइंडिंग सलग आहे एवढ्यावर ती चांगली ठरत नाही. वाइंडिंग आणि मोटरचा सांगाडा यांच्यामधले इन्सुलेशन पाहावे लागते. हातातल्या मल्टीमीटरच्या बॅटरीने ते खरे कळत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे जास्त दाब देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर, लागतो आणि एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर ती मोटर पुरवठ्याला लावायची नाही. पाणी गेलेली मोटर आधी वाळवावी. आम्ही लाकडी खोक्यात १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावून, वर भोक ठेवून, मोटर त्यात दीड-दोन दिवस ठेवत असू. उन्हात ठेवली तरी चालते, परंतु पावसाळ्यात आपल्या ठाण्यात ऊन मिळणार कोठून? वाळल्यावर टोपी खोलून बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ते कडे) आणि शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करा. शाफ्टला बुशच्या जागी खड्डे पडले असतील, तर पुढे कष्ट घेऊ नका. खड्ड्यांचा शाफ्ट नवा बुशही महिन्याभरात खातो.

तांब्याच्या आशेने मोटर फोडणाऱ्यांसाठी एक सांगतो. अशा मोटरांत अनेकदा तांबे नसतेच, ॲल्युमिनियम असते आणि त्यावरचे इनॅमल तांब्यासारख्या रंगाचे असते. ब्लेडने एक तार हलकेच खरवडा. आतून चंदेरी निघाली तर ते ॲल्युमिनियम. त्याची घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असते, त्यामुळे मोटर हातात घेतल्यावरच जुन्या माणसाला अंदाज येतो. दुसरी खूण जोडाची: ॲल्युमिनियमच्या तारेला साधे सोल्डर धरत नाही, म्हणून तेथे जोड दाबून केलेले आढळतात. चालू मोटर फोडून त्यातून मूठभर तार काढणे हे मला आजही बघवत नाही.

धुण्याच्या मोटरला नवा १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला आणि पहिल्यांदा सिरीज बोर्डावर, १०० वॅटचा बल्ब मध्ये घेऊन लावा. बल्ब भगभगून पेटला तर आत शॉर्ट आहे. मंद पेटला आणि मोटर गुणगुणली तर पुढे जायला हरकत नाही. दुसऱ्या कामाला लावताना दोन गोष्टी ध्यानात घ्या. ही चार पोलची मोटर आहे. ५० हर्ट्झवर तिची चुंबकीय गती मिनिटाला १५०० फेरे आणि भारावरची प्रत्यक्ष गती त्याहून थोडी कमी असते. शिवाय ती पंधरा मिनिटे चालून, मध्ये मध्ये थांबून, दिशा बदलून काम करण्यासाठी बनवलेली आहे. सुऱ्या-विळ्या घासायच्या चाकाला ती छान चालेल. दिवसभर चालणाऱ्या पंख्याला किंवा पंपाला लावू नका, तापेल.

नौपाडा गच्ची

काका, आपला प्रतिसाद वाचून एक विचारते. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीचा पंप बंद करायला लोक विसरतात आणि टाकी वाहते. अशा मशिनचा पंधरा मिनिटांचा टायमर पंपाला लावला, तर तो आपोआप बंद होईल ना? आमच्याकडेही एक जुने मशीन पडून आहे.

निवृत्त रिवाइंडर

ताई, पंपाला थेट लावू नका. या टायमरवर त्याची क्षमता छापलेली असते, ती वाचा. सहसा ती काही अँपिअरचीच असते. एक हॉर्सपॉवरचा पंप चालू स्थितीत पाच-सात अँपिअर घेतो आणि सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट घेतो. टायमरचे संपर्कबिंदू त्या धक्क्याने एकमेकांना चिकटतात, आणि चिकटले की पंप बंदच होत नाही. ज्याच्यावर विसंबून राहिलात तोच दगा देतो. टायमरने कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठा प्रवाह पेलणारा विजेवर चालणारा स्विच, चालवायचा आणि कॉन्टॅक्टरने पंप चालवायचा, अशी जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घेता येईल.

दुसरी अडचण अशी की धुण्याचा टायमर सलग चालू राहत नाही. त्याच्या आत किल्लीच्या घड्याळासारखी स्प्रिंग आणि दातेरी चाके असतात आणि दोन्ही दिशांचे संपर्क तो मध्ये विश्रांती देत आळीपाळीने जोडतो. सलग चालणारा असतो तो स्पिनचा टायमर, पाच मिनिटांचा. न्हाणीघरातल्या छोट्या एक्झॉस्ट पंख्यासाठी तो उत्तम आहे.

नेरुळ पूर्व

माझ्याकडे पुढून दार असलेले फुल्ली ऑटोमॅटिक मशीन आहे. त्याचा ड्रम खडखडतो. बेअरिंग गेले असे सांगितले आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून नवे घेतले. जुन्यातील मोटर मी काढली. तिला कार्बन ब्रश आहेत आणि सहा-सात वायरी आहेत. खारेगावकरांना सांगितले तशी ती सिरीज बोर्डावर लावून पाहू का?

निवृत्त रिवाइंडर

थांबा. ती वेगळ्या जातीची मोटर आहे. कार्बन ब्रशवाल्या युनिव्हर्सल मोटरला भार नसताना थेट २३० व्होल्ट दिले तर तिचा वेग वाढतच जातो. मशिनमधले कार्ड (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पट्टी) तिच्या शेपटीकडच्या, वेग मोजणाऱ्या टॅकोच्या वायरींवरून वेग ओळखून तिला आवरत असते, ते कार्ड आता मध्ये नाही. टेबलावर मोकळी ठेवून लावलेली अशी मोटर उडी मारून खाली पडलेली मी पाहिली आहे. सिरीज बल्बने वेग थोडा आटोक्यात राहतो, तरी ती लाकडी पाटावर बोल्टने आवळल्याशिवाय पुरवठा द्यायचा नाही आणि वेग आवरणारे कार्ड मिळेपर्यंत कामाला लावायची नाही.

बेअरिंगबद्दलही सांगतो. अनेक मॉडेलांत बाहेरचा प्लॅस्टिकचा टब दोन भाग वितळवून कायमचा जोडलेला असतो, म्हणून पन्नास-शंभर रुपयांच्या सीलसाठी आणि दोन बेअरिंगांसाठी पूर्ण टब बदलायला सांगतात. ही ग्राहकाची मोठी अडचण आहे. आपण ते मशीन आता उघडणारच असाल, तर निचऱ्याचा पंप, दाराचे कुलूप आणि हीटर तपासून ठेवा. त्यांना गिऱ्हाईक हमखास मिळते. टबाला बांधलेला काँक्रीटचा ठोकळा सोडवताना मात्र मदतीला दुसरा माणूस घ्या.

ऐरोलीकर

प्लॅस्टिकच्या प्रश्नावर लिहितो. टबाच्या आतल्या किंवा मागच्या बाजूला त्रिकोणात ५ हा आकडा असेल, तर ते पॉलिप्रॉपिलीन आहे. खूण सापडली नाही तर एक छोटा तुकडा कापून पाण्यात दाबून सोडा. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने वर येते, तर वरच्या चकचकीत पॅनेलला वापरतात ते एबीएस बुडते. दोन्ही वेगळी करून, लोखंडी स्क्रू आणि रबर काढून दिली, तर प्लॅस्टिकचा व्यापारी ती घेतो. एकत्र दिली तर त्याच्याही उपयोगाची नसतात. आमच्या स्पिनच्या टबात मी अळू लावले आहे. पाण्याचा निचरा होण्यासाठी त्याहून चांगली कुंडी मला आजवर मिळालेली नाही.

माझी एक कळकळीची विनंती आहे. वायरींचे आवरण जाळून तांबे काढू नका आणि जाळणाऱ्याला देऊही नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि डायॉक्सिनसारखे विषारी पदार्थ बाहेर पडतात. संध्याकाळी खाडीच्या कडेने चालायला जावे आणि तिवरांच्या आडून काळा धूर उठताना दिसावा, त्या वासाने घसा धरावा, हे मी अनेकदा अनुभवले आहे. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेले, आणि त्याच खाडीच्या चिखलावर आपण जुन्या वायरींची राख सांडतो आहोत. वायर सोलायला साधी सुरी आणि अर्धा तास पुरतो.

फुल्ली ऑटोमॅटिक मशिनचे कार्ड मात्र घरी सोलण्याजोगे नाही. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३पासून लागू आहेत आणि त्यांनुसार अशा वस्तूंचे पुनर्चक्रण नोंदणीकृत केंद्रातूनच व्हायला हवे. कार्ड, डिस्प्ले आणि निकामी कपॅसिटर एका खोक्यात साठवून तेथे द्यावेत.

कोपरी पूर्व

फार उपयुक्त चर्चा आहे. माझा बारावीतला मुलगा हे वाचून जुना मायक्रोवेव्ह उघडायचे म्हणतो आहे. रेझिस्टरने कपॅसिटर रिकामा करण्याची हीच कृती तेथे चालेल का?

खारेगावकर

नाही, आणि कृपया त्याला त्या यंत्राला हात लावू देऊ नका. मायक्रोवेव्हमधील ट्रान्सफॉर्मर दोन हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार करतो आणि त्याच्या जोडीचा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही भरलेला राहू शकतो. तो आपोआप रिकामा व्हावा म्हणून आत एक रेझिस्टर बसवलेला असतो, पण तोच तुटलेला असेल तर बाहेरून काहीही कळत नाही. माझा दहा वॅटचा रेझिस्टर आणि साध्या क्लिपा त्या दाबासाठी बनलेल्या नाहीत. जुन्या काचेच्या टीव्हीबद्दलही मी हेच म्हणेन. फ्रिजही टाळावा, कारण त्याच्या नळ्यांत दाबाखाली वायू असतो आणि अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये तो आयसोब्युटेन, म्हणजे पेट घेणारा असतो. मुलाची हौस मोडू नये असे वाटत असेल, तर बंद पडलेला टेबल फॅन किंवा मिक्सर द्या, प्लग कापून टाका आणि पहिल्या दिवशी शेजारी बसा.

खारेगावकर

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. काकांनी सांगितल्याप्रमाणे स्पिनची मोटर बल्बच्या खोक्यात दोन दिवस ठेवली. वाळवण्यापूर्वी मेगरवर ०.३ मेगओहम होते, नंतर १४ आले, तेव्हा फार आनंद झाला. पण टोपी खोलल्यावर खालच्या बुशच्या जागी शाफ्टवर तीळ पसरावेत तसे खड्डे दिसले. नखाने चाचपले तर नख अडकत होते. ती मोटर मी बाजूला ठेवली आणि चिठ्ठीवर "वाइंडिंग चांगले, शाफ्ट निकामी" असे लिहिले. कोणाकडे जळालेल्या वाइंडिंगची पण चांगल्या शाफ्टची तीच मोटर असेल तर कळवावे, दोहोंची मिळून एक होईल.

धुण्याची मोटर नव्या कपॅसिटरवर दोन्ही दिशांना व्यवस्थित फिरली. मोटर, गिअर बॉक्स आणि पुली तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या मशिनसाठी राखून ठेवली आहेत, त्यांच्या गिअर बॉक्समधून ग्रीस गळू लागले आहे. धुण्याचा टायमर दुसऱ्या मजल्यावर बसला. तेथे मूळ वायरींचे रंग आमच्यापेक्षा वेगळे निघाले, त्यामुळे वहीतली आकृती मधे ठेवून मीटरने एकेक वायर ओळखत दीड तास गेला. ड्रेन व्हॉल्व त्याच मशिनला लागला. सोसायटीतल्या तिन्ही मशिनांची स्पिनची सीले मी मागच्या रविवारी बॅटरीच्या उजेडात पाहिली. एकात चीर सुरू झालेली होती, ते सील बदलून घेतले.